गाभा

भोंगा आठला होतो. तोवर माझी एक शिफ्ट
पीठ, पाणी, लंगोट, दोन डबे करून
हजेरी न लागता संपलेली असते.

मच्छेहून उद्यमबागेपर्यंत एकाच गाडीवर जातो.
गेटात वाटा फुटतात :
परशराम भट्टीकडे, मी कोअर-शॉपला.
त्याला बूट, लॉकर, कार्डावर छापलेलं नाव.
मला पिशवी अडकवायला एक खिळा
आणि कंत्राटदाराच्या वहीत “बायका – नऊ”.

वाळूत तेल कालवून मी गाभे ठोकते,
बोटाएवढे, वाटीएवढे,
कधी बाळाच्या मांडीएवढे.
तो त्यांच्याभोवती लोखंड ओततो.
निवल्यावर गाभा फोडून झटकून टाकतात.
राहते ती पोकळी.
पंपाला भाव तिच्यामुळंच.

तन्वी चार महिन्यांची. अकराच्या सुमाराला
छाती दगड होते,
झंपरावर दोन ओले डाग, त्यांना वाळू चिकटते.
संडासाची किल्ली हिरेमठ सायबांच्या ड्रॉवरात.
काय सांगून मागायची?
लगमव्वा जाते, कन्नडात “होट्टे नोवु” म्हणते,
माझी पोटदुखी तिच्या भाषेत मंजूर होते.
भिंतीकडं तोंड करून पिळून टाकते सगळं.
त्याच वेळी भट्टीवाले बाहेर चहाला बसलेले.
परशराम लांबून हात करतो.

माणूस वाईट नाही.
रात्री मनगटावरचा ठिणगीचा फोड दाखवतो,
“भट्टीपुढं उभारून बघ एकदा.”
खरंच, मी नाही उभारले.
सासूबाई त्याच्या फोडाला खोबरेल लावतात
आणि मला विचारतात, भांडी राहिली होय गे?

परवा करंट गेला. भट्टी थंड.
तो आमच्याकडं आला, गंमत म्हणून
एक गाभा उचलला. मोडला.
दुसरा. तोही.
बायका हसल्या. “एवढं हलकं,
आणि एवढं जपाय लागतंय?”
मी काही बोलले नाही. अकरा वाजून गेलेले.
त्याची नजर माझ्या झंपरावर आली,
तिथंच थांबली.
मग त्यानं आपला जाड अॅप्रन काढला,
माझ्या गळ्यात घातला, मागं गाठ मारली.
गाठ मारताना त्याचे हात
मोडक्या गाभ्यांच्या वाळूनं भरलेले.

पंधरा मिनिटांत करंट आला.
अॅप्रनवर त्याचा नंबर होता,
द्यावा लागला परत.