बोट लावू नकोस

पाषाण रोडवरच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
एकनाथ कासार वेल्डरचा काळा चष्मा लावून
ज्योतीपुढे बसायचे.
घरचा धंदा बांगड्यांचा. रविवार पेठेतलं दुकान भावाकडे गेलं,
यांच्या वाट्याला ही काच,
जी कुणाच्या मनगटावर चढायची नाही.

“बांगडीची काच लगेच वितळते, लगेच रुसते.
तिच्यात सोडा, चुना, सतरा भानगडी.
ही नुसती वाळू.
सतराशे अंशांपर्यंत हिला घाम फुटत नाही.”

आणि लालबुंद नळी थेट बादलीत.
चर्र.
पहिल्या दिवशी मी डोळे मिटले होते.
तडा नव्हता.

मला पुस्तकातलं ठाऊक होतं:
एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन,
कोपऱ्याला कोपरा जोडलेला,
शेजारी पक्का,
पण चार घरं पुढे गल्ली कुठे वळेल
त्याला नियम नाही.
ऐकून म्हणाले, “म्हणजे बोहरी आळी.”
आणि नळी फिरवत राहिले.

जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड
हिच्यातून बिनबोभाट जातो.
कर्वे रोडला खणलेल्या चरात
केसाएवढी तार पुरली, तीही हीच.
रविवारी तिच्यातूनच
रॉटरडॅमची मुलगी विचारायची,
“बाबा, हात भाजला नाही ना?”
ते अंगठा मागे लपवायचे, फोनवर असूनही.

नियम एकच: उघड्या बोटाने शिवायचं नाही.
घामातलं मीठ बसतं. आत्ता दिसत नाही.
भट्टीत तापून आली की तिथेच
काच आपण काच आहोत हे विसरते,
अणू शाळेतल्यासारखे रांगेत उभे राहतात,
पांढरी खपली धरते,
नळी तिथूनच जाते.
यावरून त्यांनी डॉक्टरेटवाल्यांनाही झापलंय.

ते निवृत्त झाले त्याला दीड वर्ष झालं.
काल तीन नंबरच्या भट्टीतून नळी काढली.
मधोमध एक ठसा,
दुधाच्या सायीसारखा पांढरा.
रेघा मोजता येतील इतका स्पष्ट,
आणि त्यांना आडवी छेदून गेलेली
जुन्या भाजल्याची कोरी पट्टी.

चाळीस वर्षांत एकदा.
चुकून, की शेवटच्या दिवशी
हातमोजा काढून, सावकाश?

भांडार विभागाचा फॉर्म समोर आहे.
नळी बाद करण्याचे कारण.
मी लिहिलं: वापराने.
आणि नळी, दोन्ही हातांत मोजे घालून,
माझ्या खणात ठेवली.