तपासलं, चालतं

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी
आधी जिभेला लावून बघतो मी.
चुणचुणली तर जिवंत.
रोन्वेन म्हणते, साठीला आलास, आता तरी मीटर वापर.

शनिवारी चॅपलच्या मागच्या खोलीत जुना बाजार भरतो,
लोकरीचे गुंडे, कान तुटलेले कप, तुकडे हरवलेली कोडी.
तिथे मिसेस प्रॉबर्टनी बिस्किटांच्या डब्यातून काढून दिला
सरकत्या झाकणाचा, विटेसारखा जड
खिशातला संगणक. खिसा मात्र ओव्हरकोटाचा हवा.
"हेडलीचा. गॅसची मीटरं वाचायचा.
चालला तर पाच पौंड, नाही तर चहा पाज."

घरी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं.
बॅटरीच्या कप्प्यात पांढरी बुरशी.
व्हिनेगर, कापसाची काडी, मग स्प्रिंगवर थोडा सॅंडपेपर.
झाकण खाली ओढलं :
खट्.
या एका खट्साठी एकतीस यंत्रं जमवली म्हणा.

स्क्रीनवर दोन ओळी, एकीत सोळा अक्षरं.
तेवढ्यात मावेल तेवढंच जग.
कळा वर्णमालेच्या क्रमाने बसवलेल्या,
ए पासून झेड पर्यंत हजेरी घेतली.
ई रुसलेली. अंगठ्याने दाबून धरली तेव्हा बोलली.
वेल्शमध्ये लिहिणारा असता तर वाय आणि डब्ल्यू आधी गेल्या असत्या.
हेडली घरी वेल्श बोलायचा, दारोदार इंग्रजी.

मग मागच्या खाचेतली आगपेटीएवढी पेटी.
हिची तऱ्हा निराळी.
हिच्यात लिहिलेलं खोडता येतं, पुसता येत नाही.
खोडलं की यंत्र त्याच्याकडे बघायचं सोडतं, एवढंच.
ओळ तिथेच असते, जागा अडवून,
अबोला धरलेल्या भावासारखी, त्याच घरात.
खरंच पुसायचं तर चिपवरची काळी पट्टी काढून
जांभळ्या दिव्याखाली अर्धा तास.
अंधारात हिला सगळं आठवतं,
उजेडात विसरते.

खोडलेलं वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे माझ्याकडे.
लावला.
डिसेंबर सत्त्याऐंशी. बेथेल रस्ता.
४१ : ६२१८. खोडलेलं.
४१ : ६१४०. ठेवलेलं.

वाटलं, बोटं गारठली असतील, चुकला माणूस.
पण ४७. पण ५३.
५९ ला तर दोनदा खोडलंय,
आधी थोडं कमी, मग आणखी कमी,
फाटकापर्यंत जाऊन परत वळला असावा.
त्याच वर्षी खाण मिटली होती.

मीटर काही विसरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?
जुलैच्या नोंदींत तो सगळं भरून काढतो
थोडं थोडं, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असं.
चोरी नाही.
हिवाळ्याचं ओझं
उन्हाळ्याच्या पाठीवर दिलं, इतकंच.

मग करू नये ते केलं.
आमचं घर शोधलं. सत्तावीस नंबर.
एकच नोंद. पुरा आकडा. खाडाखोड नाही.
बाबा पोस्टात होते, पगार चालू होता.
खालच्या ओळीत :
कुत्रा. मागून या.
आमचा मॉट. तो मला सोडून कुणालाच चावला नाही.

उट्रेख्टचं एक गिऱ्हाईक कोऱ्या पेट्या मागतं,
पैसे बरे देतं.
जांभळा दिवा ओट्याखालीच होता.
पट्टी नखाने अर्धी उचकटलीसुद्धा होती मी.

मिसेस प्रॉबर्टना फोन केला. चालतो, म्हटलं.
"मग पाच पौंड. आत काही होतं का रे?"
आकडे, म्हटलं.
"आकडेच असणार. जेवतानाही तेच."
मी पुढे काही बोललो नाही. त्याही फोन ठेवेनात.

पट्टी परत बसवली,
ई जेवढी दाबली होती तेवढीच जोरात.
आणि विकायच्या चिठ्ठीवर लिहिलं :
तपासलं. चालतं. ई दाबून धरावी लागते.
पेटी सोबत मिळणार नाही.