चौदातले आठ वजा

टेबलावर दोन डबे. एकावर एच, दुसऱ्यावर आय.
बोस्कोला आयच हवी,
त्यातही ठिणग्या उडवणारी, टायटॅनियमवाली.
"फेस्ताच्या रात्रीसारखी गो,
अख्ख्या सुर्लाला कळूं दे."

कळेलच.
फेब्रुवारीत सड्यावरचं गवत
नुसत्या नजरेनं पेटेल असं झालेलं असतं
आणि कड्याखाली लगेच काजूची बाग,
पावणीत घेतलेली, मोहोरावर आलेली.
झिलू गावस ती रात्री राखतो
आणि दिवसा आम्हाला शिव्या घालतो.
ठिणग्या बाद.

मग वजन.
परड्यातल्या फणसाच्या लाकडाचं नाक
मी स्वतः लेथवर उतरवलं, हौसेनं,
आणि हौस तीनशे ग्रॅम भरली.
पॅराशूट, दोरी, मोटर धरून एक किलो नऊशे.
सळईवरून सुटताना वजनाच्या पाचपट तरी ढकल हवी,
नाहीतर वारा मान पकडतो.
एच देते एकशे अठ्ठावीस न्यूटन.
भागाकार तीनदा केला. जवळजवळ सातपट.
कुंडईच्या कारखान्यात दिवसभर बेअरिंगं तपासते मी,
एकदा केलेल्या भागाकारावर माझा विश्वास नाही.

आय देईल याच्या दुप्पट आणि वर थोडं.
आय नेईल आठशे मीटर.
दाबोळीहून आलेल्या परवानगीत मात्र पाचशेच.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
इथं अंथरूण वरून मोजलंय.

आनाक्लेत सही करणार.
तीस वर्षं मांडवीत खनिजाच्या बार्जवर इंजिन सांभाळलेला माणूस.
खाणी थांबल्यावर त्याला कुणीतरी हे वेड लावलं.
दोन्ही डब्यांकडे बघून तो एवढंच म्हणाला,
"वर जातं त्याचा कागद मिळत नाही.
परत येतं त्याचा मिळतो."
आणि चहात बिस्कीट बुडवून ठेवलं,
ते पडलं तरी बघितलं नाही.

अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो.
आठशेवरून येणारं पॅराशूट
पार पाळीच्या देवळापर्यंत जाईल,
तिथून पुढे खाणीच्या खड्ड्यातलं हिरवं पाणी.
अडीचशेवरचं सड्यावरच पडेल. पडावं.

बोस्को रुसला. आयचा डबा त्यानं
कपाटात वरच्या फळीवर ठेवला,
पुढच्या वर्षी, म्हणाला,
आणि कपाटाचं दार दोनदा लावलं.

आता फक्त उशीर ठरवायचा.
मोटर विझल्यावरही रॉकेट चढत राहतं,
उरलेल्या जोरावर, न बोलता,
आणि थांबतं त्या क्षणी छत्री उघडायला हवी.
लवकर उघडली तर दोरी नळीला सुरीसारखी चिरते.
उशिरा उघडली तर फणसाचं नाक जांभ्या दगडात.
कारखान्यातून येते ती चौदा सेकंदांची.
आम्हाला हवेत सहा.

म्हणून रात्री दहा वाजता,
पंखा बंद, देवापुढचा दिवासुद्धा आईकडून विझवून घेतलेला,
मी हातानं फिरवायच्या त्या छोट्या गिरमिटानं
आठ सेकंद कोरून काढते आहे.
काळी भुकटी. कालच्या वर्तमानपत्रावर,
मडगावच्या मासळीच्या भावांवर.
एक फेरा, थांब, खोली मोज.
एक फेरा.
जन्मात पहिल्यांदा उशीर
मापात बसतो आहे माझ्या.
(बसला की नाही ते उद्या साडेनऊला.)

सहावर आले. पुन्हा मोजलं. सहा आणि थोडं.
ते थोडं राहू दिलं.

मग प्रश्न भुकटीचा.
केरात टाकता येत नाही, चुलीजवळ तर नाहीच.
घमेल्यात पाणी घेतलं, कागद हळूच तिरका केला.
थोडी तरंगली, मग बुडाली.
आई दारात उभी राहून म्हणाली,
"ते पाणी माझ्या कढीपत्त्याला घालशील, तर बघ."