दोन्ही बाजूंनी सुलटं

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
दोनशे चाळीस टॉवेलांची ऑर्डर आली,
हातभर लांब, पांढऱ्यावर निळं,
युक्रेनच्या कुठल्याशा बाळंतिणींच्या दवाखान्यासाठी.
प्रत्येकावर एक नाव. नावं बारा.
मालक म्हणाले, पेंटय्या, अक्षरं नीट बघा,
चुकलं तर माल फरशी पुसायला जाईल.

मी नक्षी काढणारा. एका चौकोनाला एक धागा.
तेलुगू घरची, मराठी शाळेची, कन्नड शेजारची,
तीन लिप्या पोटात घेऊन बसलेला माणूस.
पण ही चौथी लबाड निघाली:
इंग्रजी एच दिसला की न वाचायचा,
पी दिसला की र,
आणि एका नावाची सुरुवात तर चक्क आपल्या तीनने.

भाचीला बोलावलं.
स्रवंती चार वर्षं तिकडे डॉक्टरकी शिकत होती,
पाचव्या वर्षी एका सॅकवर परत आली.
ती सॅक अजून माळ्यावर तशीच आहे.

बोहदान, ती म्हणाली. बोह म्हणजे देव, त्यानं दिलेला.
मी म्हटलं, हा आपला देवदत्तच की.
मिरोस्लावा, शांती आणि कीर्ती,
दोन्हीचा भार एकाच पोरीवर.
कलिना हे झुडूप. लाल फळांचे घोस, कडू,
बर्फ पडल्यावर गोड होतात.
नादिया?
नदी असेल, मी म्हटलं.
नाही मामा. आशा.
मग थोडं थांबून, आमच्या घरमालकीणबाईंचं नाव होतं.
तळघरात बसून लोणच्याच्या बरण्या मोजायच्या,
मोजून झाल्या की परत पहिल्यापासून.

आणि ते तीनवालं झाखार.
अर्थ, देवाला आठवण राहिली.
मी पेन्सिल खाली ठेवली.

माझ्याआधी आईची तीन गेली.
म्हणून मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं सुपात उचललं,
आईनं मूठभर जोंधळे देऊन परत विकत घेतलं.
पेंट म्हणजे उकिरडा. त्यावरून पेंटय्या.
यमानं यादीत वाचलं तरी नाक मुरडून पुढं जावं.
तिकडं देवाला आठवण राहावी म्हणून नाव,
इकडं कुणाला आठवू नये म्हणून.
पाळण्याखाली तीच एक भीती.

तिकडं उकिरड्याची नावं नसतात का गं?
जुन्या काळी असतील, ती म्हणाली. मला कुणी सांगितलं नाही.

नमुना मशीनवरून उतरला.
टॉवेलची पाठ फिरवली की रंग बदलतात,
निळ्यावर पांढरं,
आणि नावं आरशात गेल्यासारखी.
बोहदान वाचता येत नाही,
झाखारचा तीन तोंड फिरवून बसतो.
एकच नाव दोन्ही बाजूंनी सुलटं.
चार अक्षरं, मधोमध घडी घातल्यासारखी.
अन्ना.

मशीनवरचा तौफिक ओरडला,
ओ अन्ना, तुमचंच नाव आलंय की टॉवेलवर!
शेडभर हशा.
आम्हां तेलुगूंत अन्ना म्हणजे थोरला भाऊ.
तिकडं कृपा, स्रवंती म्हणाली,
पण मुळात तेही त्यांचं नाही, हिब्रूतून चालत आलेलं.
चालत येऊ दे, मी म्हटलं.
माझा आजाही तेलंगणातून चालतच आला होता,
खांद्यावर धोटा आणि फणी,
नाव विचारलं तर आधी गावाचं सांगायचा.

वीस अन्ना, वीस झाखार, वीस नादिया,
असे गठ्ठे बांधले. माल गेला.

पंधरा दिवसांनी निरोप आला:
टॉवेल मिळाले. अजून साठ पाठवा.
यावेळी नावं नकोत.

मी चौकोनांचा कागद लावून बसलो.
काढायचं काहीच नव्हतं.
तरी जेवणाची सुट्टी होईपर्यंत
पेन्सिलीला टोक करत राहिलो.