खोडरबर

शनिवारी दुपारी दोन ते पाच
मी पुस्तकं खोडतो.
म्हणजे पुस्तकं नाही, त्यांच्या अंगावरचं पेन्सिलीचं.
प्रधानबाईंनी नेमून दिलेलं काम:
फोननंबर, वाण्याचे हिशेब,
कुणाच्या तरी पोराने प्रस्तावनेला काढलेल्या मिशा.
पांढरं खोडरबर, महिन्याला दीड.
भुगा फुंकायचा, शिक्का बघायचा, कपाटात.

तेरा वर्षं झाली.
आमच्या चेंदणीत सांगितलं तर हसतात.
दत्तू नाखवा म्हणतो,
लोकं लिहून पोट भरतात, तू पुसून.

त्यात एक अक्षर ओळखीचं झालं.
बारीक, उजवीकडे कललेलं,
वेलांटी अशी की छत्रीची मूठ.
कादंबरी असो, प्रवासवर्णन असो,
नाहीतर गुळाचे शंभर पदार्थ,
समासात एखादंच वाक्य:
‘खोटं.’
‘इथे उठून चहा टाकला.’
‘आई असंच म्हणायची, पण चिडून.’
आणि सगळ्यांत जास्त वेळा,
‘एवढं सांगायची गरज नव्हती.’

नाव शोधता आलं असतं.
रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं.
नाही शोधलं.
पुसताना मात्र हात हलका पडायचा,
कागद उजेडात तिरपा धरला
की वळ दिसायचा.

मार्चमध्ये कारखानीसांनी पास दिला,
रंगायतन, बाल्कनी, शेवटून दुसरी रांग.
तळ्यावर पेडलच्या बोटी एकमेकींना बांधून ठेवलेल्या.
तिसरी घंटा झाली.
पहिल्या अंकाच्या शेवटाला बाप मुलीला समजावतो,
समजावतो,
समजावतच राहतो,
आणि माझ्या मागून, अंधारातून,
अगदी स्वतःशी:
‘एवढं सांगायची गरज नव्हती.’

मान वळवावीशी वाटली. वळली नाही.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत
अख्खी बाल्कनी खाली उतरलेली.
कानातलं यंत्र चाचपणारे एक आजोबा.
हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात तसंच विसरलेली बाई.
अंबाड्यात पेन्सिल खोचलेली मुलगी,
म्हटलं, हीच!
तिने विचारलं, ‘काका, चटणी तिखट आहे का?’
आवाज निराळा.
मी म्हटलं, आहे.
नव्हती.

त्यानंतर मी जायलाच लागलो.
नौपाड्यात शाळेच्या गच्चीवर महिन्यातून एकदा सिनेमा,
पडदा म्हणजे जोडून शिवलेल्या दोन चादरी,
शिवण नेमकी नायिकेच्या नाकावर.
येऊरला वाचकांची सहल,
एकतीस डबे, त्यांतले बावीस मटकीचे,
परतताना बसमध्ये कोडी आणि एक उलटी.
उपवनला रविवारी सकाळी चित्रं काढणारी माणसं,
त्यांच्या पाठीमागे उगाच उभं राहायचं.
सगळीकडे कान टवकारून.
मग कधीतरी
कान टवकारायचे राहून जायला लागले.
सिनेमाच बघायचो.
शिवणही दिसेनाशी झाली.

मागच्या शनिवारी एक जाड पुस्तक आलं, दीपगृहांवरचं.
तारखांच्या चिठ्ठीखाली तीच छत्री:
‘खोडणाऱ्यास,
पान नव्वद वाचल्याखेरीज हे पुसू नये.’

प्रधानबाई पलीकडे पावत्या मोजत होत्या.
मी चष्मा पुसला.
पुन्हा वाचलं.

थेट नव्वद उघडता आलं असतं.
रजिस्टरही उघडता आलं असतं.
मी पहिल्या पानापासून लागलो.
पाच वाजले, पंखे बंद झाले.
प्रधानबाई म्हणाल्या, ‘घरी न्या की!’
आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा
रजिस्टरात माझं नाव लिहिलं,
तेही मलाच लिहायला लावलं.

आता तळ्याच्या कठड्यावर बसलोय.
बेचाळिसाव्या पानावर आहे.
दिव्याचा रखवालदार बायकोला पत्र लिहितो आहे
आणि वाऱ्याबद्दलच लिहितो आहे, तीन पानं झाली.
मला इथे काहीतरी म्हणायचंय.
खिशात आहे ते नेमकं उलट्या कामाचं.

समोर भेळवाला कांदा चिरतोय.
त्याच्या कानावर पेन्सिल आहे.