अकरा कामांचा शब्द

हाप्सालूत जानेवारीत चारलाच अंधार पडतो.
त्याआधी तासभर आम्ही गालिच्यावर असतो:
चाकांचा पिवळा भुंगा, पाठीवर चार बाण, एक हिरवं बटण,
आणि प्रशिक्षणात मला मिळालेले नवे शब्द,
जे मी अजून या गालातून त्या गालात फिरवते
गरम बटाट्यासारखे.

मी म्हटलं, बदलणारा म्हणजे एक डबा.
नाव तेच, आतलं बदलतं.
नवं ठेवलं की जुनं जातं.
"कुठे जातं?" ऊर्मेतने विचारलं.
पुस्तिकेत याचं उत्तर नव्हतं.

लीलोने आ वासला, बोट लावून दाखवलं:
"ही जागा. इथे आधी दुधाचा होता,
आता काही नाही,
उन्हाळ्यात मोठा येईल.
तरी हिला पुढचा दातच म्हणायचं."
मग जरा थांबून,
"जुना माझ्याकडे आहे. काडेपेटीत."

डब्याचं चित्र मी गुपचूप भिंतीवरून काढलं.

भुंगा टेबलाच्या पायाला धडकत राहिला.
मी म्हणणार होते, बिघडला.
रेमो पालथा पडून त्याच्या डोळ्यांत बघत होता.
"तो सांगितलेलं सगळं ऐकतोय," म्हणाला,
"टेबलाचं आपणच सांगितलं नाही."

खरा वर्ग भरतो तो कोटांच्या खुंट्यांपाशी.
ऊर्मेतची आई दारात, बाहेर गाडी सुरूच.
"तयार हो," ती म्हणते. एवढंच.
तो मोजत सुटतो:
लोकरी मोजे, जाड विजार, बूट,
बुटांखालून पट्टे, गळपट्टा, टोपी,
जाकीट, हातमोजे,
चेन.
चेन लागत नाही.
हातमोज्यातल्या बोटांना ती सापडतच नाही.

मी पुढे होणार, तेवढ्यात तो स्वतःशीच,
"थांब. आठ आणि नऊची अदलाबदल."
दातांनी हातमोजे ओढतो, चेन सर्रकन गळ्यापर्यंत,
पुन्हा हातमोजे, मग दप्तर,
शेवटी खिशाला लटकवायचा चमकता बिल्ला,
अंधारात गाड्यांना दिसावा म्हणून.

"किती रे वेळ! एकदाच सांगितलं ना?"
"तू एकदाच सांगतेस," तो म्हणतो,
तक्रार नाही, नुसती माहिती,
"आत अकरा असतात."

दार लागतं. बिल्ला फाटकापर्यंत दिसतो.

लीलोच्या खुंटीखाली, बाकावर
काडेपेटी राहिलीय.
मी उघडत नाही.
कानाशी धरून हलवते.
आहे.