शाई तिथे जाड

लिस्बनमध्ये, चौथ्या मजल्यावर
मी मृत्यूंना क्रमांक देते.

आज आलेन्तेझूहून कागद आला :
कुस्तोदियु, वय एक्क्याऐंशी.
कारण : अज्ञात.
डॉक्टरचं अक्षर त्या शब्दापाशी जरा थबकलंय,
शाई तिथे जाड.

फोन केला. डॉक्टर म्हणाले,
बाईंनी एवढंच विचारलं,
"घंटा वाजेल ना त्याच्यासाठी?"
मग मी काय लिहायचं होतं, सांगा.

मला सांगता आलं नाही.
आर-नव्याण्णव टाकला.
असे अज्ञात माझ्याकडे शेकड्यांनी;
प्रत्येकाचं कारण
कुठल्या तरी स्वयंपाकघरात नीट ठाऊक असतं.

मार्चमध्ये मंत्रालय म्हणेल, आत्महत्या घटल्या;
त्या जिल्ह्यातली एकुलती समुपदेशक
दुसरीकडे हलवतील.

कुस्तोदियुचा शेजारीही एकटाच राहतो.
त्याच्या कुत्र्याबद्दल डॉक्टर बराच वेळ बोलत होते.